भामला किल्ला नको, नकाशा हवा

जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाला, समुद्राला लागून हागी नावाचे शहर आहे. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत मोरी घराणे हरणाऱ्या बाजूला होते. त्यांचा बराचसा मुलूख गेला. उरलेल्या मुलखाचा कारभार चालवायला त्यांनी १६०४ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्याभोवती गाव वसवले. आत सरदार आणि सामुराई, त्यांच्या पलीकडे व्यापारी आणि कारागीर, कडेला देवळे, अशी रचना होती. किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या अशा गावाला जपानी लोक जोकामाची म्हणतात. १८७४ साली मेइजी सरकारच्या धोरणानुसार हागीच्या किल्ल्याचा पाच मजली मनोरा पाडण्यात आला आणि तो पुन्हा कोणी बांधलेला नाही. जागेवर दगडी जोते आणि खंदक तेवढे शिल्लक आहेत. तरीही २०१५ साली युनेस्कोने मेइजी काळाच्या औद्योगिक वारशाची जी यादी मान्य केली, तिच्यात हागीच्या या वस्तीचा समावेश झाला. पाहणारे तिथे मनोरा पाहायला जातच नाहीत. ते जातात गल्ल्या पाहायला. जुन्या काळचा नकाशा हातात घेऊन आजही त्या गल्ल्यांतून वाट काढता येते. मातीच्या पांढऱ्या भिंतींवरून जी नारंगीसारखी फळे डोकावतात, त्यांचीही एक हकीकत आहे. १८७०च्या दशकात सामुराईंचे तनखे बंद झाले. तेव्हा पोट भरायला त्यांनी आपल्या वाड्यांच्या आवारात नात्सुमिकान या आंबट-गोड फळाच्या बागा लावल्या. बागांना समुद्रवाऱ्यापासून आडोसा हवा होता, म्हणून भिंती राहिल्या. भिंती राहिल्या म्हणून गल्ल्या राहिल्या. हागी वाचले ते अभिमानाने नव्हे, शेतीने, हे कापूसवाल्या यवतमाळ जिल्ह्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या जिल्ह्याची आठवण अशासाठी, की १८व्या शतकातली एक अशीच लढवय्यांची राजधानी यवतमाळ तालुक्यात होती आणि जिल्ह्याबाहेर ती फारशी कोणाला माहीत नाही. तिचे नाव भाम, म्हणजे आजचे भांबराजा. नागपूरकर भोसले नागपूरकर होण्यापूर्वी भामकर होते, असे म्हटले तर चूक होणार नाही. मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटून आलेल्या शाहूला पहिल्यांदा जाऊन मिळालेल्या मोठ्या सरदारांत परसोजी भोसले होते. त्यांना सेनासाहेबसुभा हे पद आणि वऱ्हाडातल्या वसुलीचा हक्क मिळाला. १७०९ मध्ये परसोजी वारले. त्यांचा मुलगा कान्होजी याने भामला आपले ठाणे केले आणि तिथून वऱ्हाड व त्याच्या पूर्वेकडच्या गोंड मुलखावर नजर ठेवली. कान्होजीला बरीच वर्षे मूल नव्हते, म्हणून पुतण्या रघूजी त्याच्याजवळ वाढला. पुढे कान्होजीला मुलगा झाला आणि चुलत्या-पुतण्यांचे बिनसले. रघूजी आधी देवगडच्या चांद सुलतानाकडे, मग एलिचपूरच्या नबाबाकडे आणि शेवटी साताऱ्याला शाहूकडे गेला. तिकडे कान्होजीचे दरबाराशी फाटलेलेच होते. १७३०च्या आसपास शाहूने सेनासाहेबसुभा हे पद रघूजीला दिले आणि चुलत्याला धरून आणण्याचे कामही त्याच्याकडेच सोपवले. रघूजीने भामला वेढा घातला. कान्होजी निसटला, पण वणीजवळच्या मंदर गावी लढाई होऊन पकडला गेला. त्याचे उरलेले आयुष्य साताऱ्याच्या कैदेत गेले. म्हणजे एका राजधानीचा उदय, घरातली भाऊबंदकी, वेढा, पाठलाग आणि पाडाव असे सारे नाट्य आजच्या एकाच जिल्ह्याच्या हद्दीत घडले. हे सह्याद्रीत कुठे घडले असते, तर त्यावर एव्हाना दोन कादंबऱ्या आणि एक चित्रपट आला असता.

अशा जागांबद्दल अलीकडे आपल्याकडे एकच मागणी पटकन सुचते : पुन्हा उभे करा. गावाच्या वेशीवर सिमेंटची बुरुजवाली कमान, आत पुतळा, जमल्यास प्रकाश-ध्वनीचा खेळ. जपानच्या सहली वाढल्यापासून या मागणीला नवा आधार मिळाला आहे. त्यांनी ओसाका उभे केले, नागोया उभे केले, मग आपल्याला काय झाले, असे विचारले जाते. या लेखाचे म्हणणे उलटे आहे. जपानची किल्लेनगरे नीट पाहिली, तर भामला किल्ला बांधू नये असाच निष्कर्ष निघतो. जिथे माणसे जागेवर राहिली आणि कागद जपले गेले, तिथेच जपानला पुनर्बांधणी साधली आहे. भामला या दोन्ही गोष्टी तुटल्या आहेत. माणसे परत आणता येणार नाहीत. कागद मात्र अजून जमवता येतील, आणि जमिनीवर जे काही उरले आहे त्याचा कागद आज नवा करता येईल. पहिले काम तेच.

माणसे तिकडे टिकली आणि इकडे का नाही, याचे कारण दोन समाजांच्या लष्करी व्यवस्थेत आहे. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली आणि १५९१च्या हुकमाने सामुराई व शेतकरी यांची कायमची फारकत केली. लढणाऱ्याने गाव सोडायचे, धन्याच्या किल्ल्याखाली राहायचे आणि धान्याच्या रूपात पगार घ्यायचा, असे ठरले. पुढे सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्याने १६१५ मध्ये एका सरदाराला एकच किल्ला हा नियम लावला, तेव्हा प्रत्येक संस्थानाचे सगळे वजन एकाच गावावर आले. अडीचशेहून अधिक वर्षे सामुराई त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या बसून राहिले. लढाई नव्हतीच, म्हणून त्यांनी कारकुनी केली, शाळा चालवल्या, चहाचे समारंभ केले. १८७१ मध्ये संस्थाने गेली, १८७३ मध्ये शेकडो किल्ले मोडीत काढायचे ठरले, तरी गावे उठली नाहीत. किल्ल्याच्या आवारात जिल्हा कचेरी आली, शाळा आली, पलटण आली. मराठ्यांची गोष्ट याच्या उलट होती. शिलेदार हा आधी वतनदार आणि मग सैनिक. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, मुलूखगिरी करायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या गावी परतायचे. त्याचे मन वतनात अडकलेले, धन्याच्या ठाण्यात नव्हे. त्यामुळे सरदाराचे ठाणे ही सरदार असेपर्यंतची गोष्ट होती. रघूजीचे लक्ष पूर्वेकडे होते. १७३९ मध्ये चांद सुलतान वारल्यावर देवगडच्या वारसाहक्काच्या भांडणात तो शिरला आणि काही वर्षांत नागपूरचा धनी झाला. भामचे महत्त्व तिथेच संपले. त्यात वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल, वसूल दोघांत वाटलेला. अशा मुलखात कोणता सावकार पिढ्यांसाठी वाडा बांधील? शेवटचा घाव १८०३चा. आडगावच्या लढाईनंतर झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदी ही भोसल्यांची हद्द ठरली आणि नदीच्या पश्चिमेचा बहुतेक वऱ्हाड निजामाकडे गेला. भाम पश्चिमेला. ज्या घराण्याने ते गाव वसवले, त्याच घराण्याच्या दृष्टीने ते आता परक्या राज्यात होते.

आता कागदांकडे वळू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. नागोयाचा किल्ला १४ मे १९४५च्या हवाई हल्ल्यात जळाला. पण त्याआधी, १९३०च्या दशकापासून शहराने त्याची मोजणी चालवली होती. तीनशेच्या वर मोजमापाचे नकाशे आणि काचपट्टीवर घेतलेली सातशेच्या वर छायाचित्रे युद्धातून वाचली. १९५९ मध्ये लोकांच्या उत्साहात सिमेंटचा मनोरा उभा राहिला, त्यात लिफ्टही बसवली. २०१८ मध्ये तोच मनोरा भूकंपाच्या दृष्टीने असुरक्षित म्हणून बंद करावा लागला. त्याच वर्षी शेजारचा होनमारू राजवाडा लाकडात, मूळ मोजमापांनुसार पुन्हा बांधून खुला झाला आणि त्याच्या अस्सलपणाबद्दल फारशी तक्रार ऐकू आली नाही. एकाच आवारातल्या या दोन वास्तू म्हणजे या विषयाचा धडाच आहेत. एक उत्साहावर उभी राहिली, दुसरी मोजणीवर. मनोराही आता लाकडात बांधायचे ठरले आहे, पण अपंगांसाठी लिफ्ट असावी की नसावी या वादात ते काम वर्षानुवर्षे अडकले आहे. अस्सलपणाचा हट्ट माणसांना दाराबाहेर ठेवतो का, हा प्रश्न तिथे अजून सुटलेला नाही. शिकोकू बेटावरचे ओझू हे छोटे गाव आणखी बोलके. तिथला मनोरा १८८८ मध्ये पाडला होता. २००४ मध्ये तो पुन्हा लाकडात उभा राहिला, कारण जुनी छायाचित्रे आणि सुतारांनी केलेली लाकडी प्रतिकृती हाताशी होती. एवढ्या उंच लाकडी इमारतीला इमारत-कायद्यात परवानगी नव्हती. ती मागून मिळवावी लागली. पुढे गावातली रिकामी पडलेली जुनी घरे दुरुस्त करून त्यांचे हॉटेल झाले, आणि २०२० पासून भरपूर पैसे मोजणाऱ्याला खुद्द मनोऱ्यातही रात्र काढता येते. हा शेवटचा भाग कोणाला रुचेल, कोणाला रुचणार नाही. पण तो मनोरा कल्पनेतून आलेला नाही, एवढे मान्य करावेच लागते.

भामकडे यातले काय आहे? छायाचित्र असण्याचा प्रश्नच नाही. बखर आहे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर घराण्याची हकीकत सांगते. पण बखर लिहिणाऱ्याला लढाया आणि रुसवेफुगवे महत्त्वाचे, कोणता दरवाजा कोणत्या दिशेला होता हे नव्हे. या. मा. काळे यांनी १९२४ मध्ये वऱ्हाडाचा आणि १९३४ मध्ये नागपूर प्रांताचा इतिहास लिहिला. विदर्भावर त्यांचे हे मोठे ऋण आहे, पण तोही घराण्याचा इतिहास आहे, गावाचा नव्हे. इंग्रजांच्या गॅझेटियरांत भामचा उल्लेख घडीव दगडी इमारतींच्या अवशेषांसह येतो आणि सोबत एक ऐकीव आकडा येतो : इथे नुसत्या बैराग्यांचीच ५,००० घरे होती. हा आकडा ज्याला भाम भव्य करायचे आहे तो टाळ्यांसाठी वापरील आणि ज्याला उडवून लावायचे आहे तो थापेबाजी म्हणून सोडून देईल. दोघांचीही घाई चूक आहे. १८व्या शतकात गोसावी-बैरागी हे केवळ भिक्षा मागणारे नव्हते. ते सावकारी करत, मालाची ने-आण करत, हत्यार बाळगून नोकरीला राहत. नागपुरात तर गोसाव्यांच्या पेढ्या प्रसिद्ध होत्या. तेव्हा सरदाराच्या ठाण्याभोवती त्यांची दाट वस्ती असणे अगदी शक्य आहे. पाच हजार की पाचशे, हे मात्र बखर सांगणार नाही. घरांची जोती, विहिरी, खापरे किती मोठ्या क्षेत्रात पसरली आहेत, यावरूनच त्याचा अंदाज येईल. त्या क्षेत्रावर आधीच कमान, वाहनतळ आणि फरशी घातली, तर तो प्रश्न कायमचा बंद होईल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. अस्सल-नकलेचा हा काथ्याकूट युरोपीय आहे, जपानी माणसाला तो पटत नाही, असे म्हटले जाते. इसे येथील देऊळ दर वीस वर्षांनी नवे बांधतात, शेवटचे २०१३ मध्ये बांधले. तरी ते प्राचीनच मानले जाते. १९९४ मध्ये नारा येथे भरलेल्या परिषदेने तर जगाला सांगितले, की अस्सलपणाची कसोटी प्रत्येक संस्कृतीची वेगळी असू शकते. मग आपण कशाला दगडाला कवटाळून बसायचे? आपल्याकडेही देवळांचे जीर्णोद्धार होतातच. हे सगळे खरे. पण इसेत जे वीस वर्षांनी पुन्हा जन्म घेते ते लाकूड नव्हे, सुताराचे कसब. एका पिढीने दुसरीला हातात हात घेऊन शिकवलेले. यादवीच्या काळात ही परंपरा शंभराहून अधिक वर्षे खंडित झाली होती, आणि ती परत सुरू झाली तेव्हाही विधी, मापे व नोंदी सांभाळणारी माणसे होती. भामच्या बाबतीत कोणत्या सुताराकडे, कोणत्या गवंड्याकडे कान्होजीच्या वाड्याचे माप आहे? जे साखळीने चालत आले त्याची नवी कडी जोडता येते. जिथे साखळीच नाही तिथे आपण जे बांधू ते आपल्या काळाचे स्वप्न असेल, दिवाळीत अंगणात मुले करतात त्या किल्ल्यासारखे. त्या मातीच्या किल्ल्यात गोडवा आहे, पण तो दिवाळी संपली की मोडतो. सिमेंटचा मोडत नाही.

ओसाकाचे उदाहरण देणाऱ्यांनी त्याची पुढची गोष्टही सांगायला हवी. १९३१ मध्ये शहरवासीयांच्या वर्गणीतून तिथे सिमेंटचा मनोरा झाला. आज तो स्वतःच जुना होऊन सरकारी वारसा-नोंदीत गेला आहे. लोकांनी त्याला आपले मानले, हेही मान्य. पण तो मनोरा हिदेयोशीच्या किल्ल्याची आठवण म्हणून बांधला आणि उभा केला तोकुगावांनी रचलेल्या दगडी जोत्यावर. हिदेयोशीच्या काळची खरी दगडी भिंत सापडली १९५९ मध्ये, जमिनीच्या पोटात खोलवर. ती लोकांना पाहायला खुली व्हायला २०२५ उजाडले. आधी बांधले आणि मग शोधले, असा हा क्रम. ओसाकासारख्या श्रीमंत शहराला ही चूक पचली. यवतमाळ जिल्ह्याच्या एका खेड्याला ती पचणार नाही, कारण तिथे दुसऱ्यांदा खोदायला कोणी पैसे देणार नाही.

जिवंत किल्लेनगर पाहायचेच असेल तर जपानइतके लांब जायला नको. वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरला जावे. गोंड राजांनी बांधलेला तिथला परकोट दहा-अकरा किलोमीटरचा. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत, आणि त्यातून रोज भाजीची गाडी, शाळेची मुले, प्रेतयात्रा सारे जात-येत असते. १८१८ मध्ये याच परकोटाला इंग्रजांनी भगदाड पाडले. त्याच्या महिनाभर आधी, १७ एप्रिलला, कर्नल अ‍ॅडम्सने पळत्या दुसऱ्या बाजीरावाला पांढरकवड्याजवळ शिवणीला गाठून हरवले होते आणि तिथूनच अ‍ॅडम्स चांद्यावर, म्हणजे आजच्या चंद्रपूरवर, गेला. पेशवाईचा शेवट पुण्यात शोधणाऱ्यांनी या मुलखाकडेही एकदा पाहावे. तर या परकोटावर पुढे झाडेझुडपे माजली, कचरा साचला. २०१७ च्या मार्चपासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो स्वतः साफ करायला घेतला, आणि ते काम शेकडो दिवस रोज चालले. त्याच वर्षी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून त्याचा उल्लेख केला. या कामात नवे काहीच बांधले गेले नाही, आणि तेच त्यातले महत्त्वाचे. विळे-कोयते चालले, दगड मोकळा झाला, भिंतीवरून चालायची वाट झाली आणि शहराला आपली हद्द पुन्हा दिसली. अर्थात तिथेही सगळे गोड नाही. २०१०च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर निर्बंध आहेत. परकोट शहराच्या मधून जातो म्हटल्यावर किती कुटुंबांना स्वतःच्या घरावर मजला चढवण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत असतील, याचा अंदाज करावा. स्मारक वाचवणारा कायदा स्मारकाला शेजाऱ्यांचा शत्रू करतो, हे आपल्या पद्धतीचे मोठे दुखणे आहे. जपानने १९७५ मध्ये कायदा बदलला. सुटी इमारत न पाहता सबंध वस्ती जपायची, आणि त्या वस्तीचा आराखडा नगरपालिकेने रहिवाशांशी बोलून करायचा, अशी सोय केली. हागीचे दोन भाग आणि उत्तरेकडच्या काकुनोदातेचा सामुराई मोहल्ला १९७६ मध्ये पहिल्याच फेरीत त्यात आले. त्याहीआधी, जुन्या वाटेवरच्या त्सुमागो या मुक्कामी गावाने १९७१ मध्ये स्वतःच ठरवले होते : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. सरकारच्या आधी गाव बोलले, म्हणून सरकारला ऐकावे लागले.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. ज्या जिल्ह्याचे नाव कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांमुळे देशाला कळले, तिथे पडक्या जोत्यांची मोजणी करा म्हणणे निर्दयपणाचे नाही का? वारशामुळे गावे सुखी होतात असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. हागीचीच लोकसंख्या सतत घटते आहे. युनेस्कोच्या शिक्क्याने तरुण तिथे थांबले नाहीत. तेव्हा भाममुळे यवतमाळचे अर्थकारण बदलेल, असे आश्वासन कोणी देऊ नये आणि कोणी घेऊ नये. पण हा आक्षेप बांधकामाला लागू पडतो, मोजणीला नाही. खर्चिक असते ती कमान, तो पुतळा, ते उद्यान, ज्याचे उद्घाटन होते आणि ज्याच्या दिव्यांचे बिल पुढच्या वर्षी थकते. मोजणीचा खर्च त्यापुढे नगण्य असतो, आणि म्हणूनच बहुधा ती होत नाही. तिला फीत कापता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात टोकदार : हा वारसा कोणाचा? भोसल्यांच्या फौजांची बंगालवरची मुलूखगिरी तिथे आजही बर्गी या नावाने मुलांना भीती घालते. आणि भाम वसले ते रिकाम्या मुलखात नव्हे. अकबराच्या काळच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या सरकारांत कळंब आहे, आणि त्याच्या शेजारी चांद्याच्या गोंड राजाचा, त्याच्या फौजेचा उल्लेख आहे. वणीचा प्रदेश चांद्याच्या राज्याशी बांधलेला होता. १७५१ मध्ये खुद्द चांदाही भोसल्यांच्या घशात गेले. गोंड आणि कोलाम आजही या जिल्ह्याच्या वस्तीचा मोठा भाग आहेत. मग भोसल्यांची राजधानी सजवायची म्हणजे जिंकणाऱ्याचीच पुन्हा आरती ओवाळायची का? जपानच्या उत्तरेकडचे मात्सुमाए इथे डोळ्यांसमोर ठेवावे. तिथल्या सरदाराचे वैभव तांदळावर नव्हते, ऐनू या मूळ रहिवाशांशी केलेल्या एकतर्फी व्यापारावर होते. १६६९ मध्ये शाकुशाइन या ऐनू नायकाने उठाव केला. त्याला तहाच्या बोलणीला बोलावून दग्याने मारले. मात्सुमाएचा मनोरा १९४९ मध्ये जळाला आणि १९६१ मध्ये सिमेंटमध्ये उभा राहिला. त्याच्या ऐटीत ऐनूंची बाजू कुठे दिसणार? उभे केलेले शिखर नेहमी धन्याची बाजू सांगते. मोजणी मात्र निवड करत नाही. जमिनीत भोसल्यांच्या जोत्याखाली त्याहून जुनी वस्ती निघाली, तर नकाशावर तीही येते. म्हणून या आक्षेपाचे उत्तरही मोजणीकडेच जाते. कळंब, वणी, मंदर आणि भाम ही नावे एका कागदावर आली, तर तो केवळ भोसल्यांचा नकाशा राहणार नाही.

हा नकाशा होणार कसा? आजवर आपल्या राज्याची किल्ल्यांची कल्पना सह्याद्री आणि समुद्र यांच्यापुढे गेलेली नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले मान्य केले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. विदर्भातला एकही नाही. त्या यादीचा विषय वेगळा होता, म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. पण यादीबाहेरच्यांनी वाट पाहत बसण्यातही अर्थ नाही. राज्याचा १९६०चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पण कोणत्याही जागेला त्याचे संरक्षण द्यायचे तर आधी ती जागा कोणत्या गटात, किती क्षेत्रात, काय स्वरूपात आहे हे लिहून द्यावे लागते. त्याशिवाय प्रस्तावच होत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली, पण तिचा हेतू आजच्या घरांची मालकी ठरवणे हा आहे. राजधानी गावठाणाच्या बाहेर, नांगरटीच्या शेतात पसरलेली असेल तर ती त्या चित्रात येत नाही. तिथे माणसांनाच चालावे लागेल. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व विभागाने विदर्भात अनेक उत्खनने केली आहेत. मोडी वाचणारे लोक नागपूर आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत अजून आहेत, आणि भोसल्यांचे कागद वाचताना घराण्याऐवजी गाव शोधायला सांगितले तर वेगळ्या गोष्टी हाती लागतील : कोणत्या बारवेच्या दुरुस्तीला किती रुपये दिले, कोणत्या बैराग्याला कुठली जमीन इनाम दिली. विदर्भातल्या गढ्यांची पांढरी माती लोक घर सारवायला आणि शेतात टाकायला नेतात, घडीव दगड घरांच्या पायात जातो. यात गुन्हा शोधण्यापेक्षा कोणता दगड कुठून कुठे गेला हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्यावे. गोठ्याच्या पायरीत बसलेला कोरीव दगडही राजधानीचाच पुरावा आहे, आणि तो काढून संग्रहालयात नेण्याची घाई नको. यातली शेतातली मोजणी कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर, पऱ्हाट्या उपटून रान मोकळे झाले की करावी लागेल, म्हणजे मार्च ते मे. जूनमध्ये काळी जमीन भिजली की तिच्यात पाय ठरत नाही आणि पेरणी झालेल्या शेतात कोणता शेतकरी टेप घेऊन आलेल्या पोरांना येऊ देईल? गावाची परवानगी ग्रामसभेत, शेतमालकांच्या समोर घ्यावी, आणि मोजणीमुळे त्यांच्या जमिनीवर उद्या कोणते निर्बंध येऊ शकतात हे त्यांना आधीच खरे सांगावे.